सेटल्ड

कुडतरकर मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली,
डॉक्टर एक्स-रे दाखवतात तशी.
एका ओळीच्या टोकाला
माझ्या नावापुढे लिहिलं होतं : सेटल्ड.

मला क्षणभर बरंच वाटलं.
आमच्यात हा शब्द लग्न जमवताना येतो.
मुलगा सेटल्ड आहे का, हे विचारता विचारता
प्रणोतीच्या मामांनी माझा चहा थंड केला होता.

"तसं नाही हो," मॅडम म्हणाल्या,
"तुम्ही पूर्ण भरले नाहीत, बँकेने उरलेले सोडले.
सोडले म्हणजे विसरले नाहीत."

कार्ड मिळालं होतं मॉलच्या दाराशी,
सोबत एक बॅग फुकट.
बॅगेची चेन आठवड्यात गेली. कार्ड टिकलं.
त्यावर लॅपटॉप घेतला, ड्रॉइंग शिकायला,
मग कंपनीने पवईचं युनिट बंद केलं
आणि मी लॅपटॉपवर पत्ते खेळायला शिकलो.
बेचाळीस हजारांचे नव्व्याण्णव कसे होतात
ते वसुलीवाला शिकवायचा, रोज सकाळी नऊला,
मी नाही उचलला तर आईच्या फोनवर.
आईला वाटे कोणी साहेब आहेत.
"भला माणूस. रोज तुझी चौकशी करतो."

एक दिवस तोच नरमला.
अडतीस एकरकमी द्या, विषय मिटवू.
मी बाइक विकली. विषय मिटला.
पाव किलो पेढे घेतले,
एक प्रणोतीला दिला, बसस्टॉपवर.
कसला, तिने विचारलं.
असाच, म्हटलं.

मी लिफ्टचा मेकॅनिक.
ज्या घरांतून समुद्र दिसतो
त्यांच्याही डोक्यावर, मशीन रूममध्ये बसून डबा खातो.
लोकांना वाटतं मोटर ओढते.
दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं.
तुम्ही वर निघालात की ते खाली निघतं,
आणि अर्ध्या वाटेत, तुम्ही आरशात केस सारखे करत असताना,
वीतभर अंतरावरून
तुमच्या पाठीमागून जातं.

कर्ज विकता येतं हे मला नवीन होतं.
ते घेणारं गिऱ्हाईकही असतं म्हणे.
साकीनाक्याला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसरा मजला,
पाटीवर तिसऱ्याच कंपनीचं नाव.
आत एक मुलगी उपवासाचा चिवडा खात होती.
"सर, हे माफ झालंय. तुम्ही का भरताय?"
शिक्का सापडायला तिला अर्धा तास लागला.
कोणी मागितलाच नव्हता आजवर.
एकसष्ट हजार चारशे सतरा.
त्यातले चाळीस प्रणोतीच्या भिशीचे.

दोन महिन्यांनी शब्द बदलला : क्लोज्ड.
मॅडमनी अर्धा टक्का जास्त लावला
आणि अर्जदारांची अदलाबदल केली.
पहिली ती. तिच्या नावावर एक मिक्सर,
बारा हप्ते, एकही चुकलेला नाही.
सह्या करून हात दुखले.
पेनाचं टोपण लावताना ती काही बोलली नाही,
बँकेच्या पायऱ्या उतरताना बोलली :
"असाच होय?"

घर विक्रोळीला, चौथ्या मजल्यावर.
इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून परवडलं.
दोनशे चाळीस हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला.
कपाट चढवताना तिसऱ्या वळणावर अडकलं,
तिथे ते दीड तास उभं होतं,
वरची माणसं खाली जाईनात, खालची वर.

रविवारी मामा आले, धापा टाकत.
खुर्चीत बसले, नळ सोडून पाहिला,
खिडकीला हात लावला, पुन्हा बसले.
"चला," म्हणाले, "आता जावईबापू सेटल्ड!"

प्रणोतीने माझ्याकडे बघितलं नाही.
कप त्यांच्यापुढे सरकवला.
"मामा," म्हणाली,
"गरम आहे तोवर घ्या."