ओपन जॉ

बेटाला दोन विमानतळ आहेत,
ही खरी अडचण.
एकच असता तर आम्ही गेल्या वर्षीच जाऊन आलो असतो
आणि आता फोटो दाखवून लोकांना पिडत बसलो असतो.

पश्चिमेला हानिया. पूर्वेला इराक्लिओ.
हेमल लॅपटॉप आमच्याकडे फिरवते.
निळ्यात आडवं पडलेलं क्रीट,
सोललेल्या दुधीच्या लांब सालीसारखं.
भालचंद्र चष्मा कपाळावर चढवतो:
"एकाच्या नावात हानी, दुसऱ्याच्या नावात इराक.
माणसानं उतरायचं कुठं?"
हेमलला मराठी विनोद कळत नाही, तरी ती हसते.
सुट्ट्यांचा सीझन आहे.

मला हानिया हवं.
रावपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात
बाकासमोर अकरा वर्षं एकच कॅलेंडर होतं,
औषध कंपनीचं, तारखा केव्हाच शिळ्या.
वर एक बंदर, दीपस्तंभ, पाण्यात त्याची उलटी सावली.
सुजल्या गालांची माणसं तिकडे बघत बसायची
आणि निम्मी तरी आत येईतो कमी घाबरलेली असायची.
बंदराचं नाव छापलेलं नव्हतं.
दवाखाना विकला तेव्हा मी कॅलेंडर खिळ्यासकट घरी आणलं.
नाव नातवानं फोनमधून शोधून दिलं,
दीड मिनिटात.

भालचंद्रला इराक्लिओ हवं,
कारण तिथून जुना राजवाडा रिक्षाच्या अंतरावर,
आणि राजवाड्यात म्हणे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गटारं,
एकात एक बसणारे मातीचे पाइप.
तो महानगरपालिकेच्या ड्रेनेजमधून निवृत्त झाला.
ज्या वर्षी विश्वामित्री घराघरांत शिरली
त्या वर्षी लोकांनी त्याला फोनवर जे ऐकवलं
ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.
एकदा बघायचंय, म्हणतो,
पाणी कधी कुणाचं ऐकत होतं का.

हेमल भाडी वाचते.
हरणीहून सकाळचं दिल्ली, की गाडीनं अहमदाबाद?
अथेन्सला चार तास, की रात्रभर?
हानियाला उतरलात तर माणशी साडेचार हजार कमी,
पण परतीचं विमान पहाटे सव्वातीनला.
इराक्लिओचं वेळेत, पण तिथं जिने फार, आणि काकींचा गुडघा...
दोन आठवड्यांतली तिसरी खेप,
तोच चहा, तीच मारी बिस्किटं.
शेवटी तीच वैतागली:
"काकी, ओपन-जॉ लई लो ने!"
एका टोकाला उतरा, दुसऱ्या टोकावरून परता.
मधलं अंतर तुमचं तुम्ही बघा,
बसनं, टॅक्सीनं, कसंही.

ओपन जॉ.
चौतीस वर्षं मी दुसरं काय म्हणत आले?
आ करा. अजून मोठा. मिटू नका.

उद्या सांगतो म्हणून उठलो.
काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटरी थांबलेल्या,
माणसं कठड्यावरून वाकलेली.
खाली गाळावर मगर,
ऊन खात, तोंड उघडं टाकून.
"बघ, हिनं तिकीट काढलं," भालचंद्र म्हणाला.
मी दात मोजत होते. सवय.
डावीकडचा चौथा नव्हता.
शेजारी एक पोरगा बापाला सांगत होता,
मगर वरचा जबडा उघडते, खालचा नाही.
मी मध्येच बोलले: नाही रे,
सगळ्यांचा खालचाच हलतो.
वरचा कवटीला जोडलेला असतो,
तो नुसता हलल्यासारखा वाटतो.

भालचंद्र बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "ठीक. दोन्हीकडे जाऊ.
पण आधी कुठं उतरायचं?"
आणि स्कूटरला किक मारता मारता:
"आपल्यात खालचा कोण?"

मी मागे बसले, गुडघा सांभाळत.
सेवउसळीच्या लारीपर्यंत
मी सांगितलं नाही, त्यानंही पुन्हा विचारलं नाही.
पहिली प्लेट त्यानं माझ्याकडे सरकवली,
तर्रीचं भांडं मात्र
स्वतःपाशीच ठेवलं.