वाचलेला

बोटीवर अठ्ठावीस गाड्या चढल्या की एकोणतीस,
दर खेपेला मी लोखंडी दारावर खडूने रेघा ओढतो.
नवी पोरं हसतात. हसू देत.
दोर मात्र माझ्या हातात आपला आपण गाठ घेतो,
त्याला मोजावं लागत नाही काही.

परवा त्रोनहाइमच्या इस्पितळात
माझ्याहून लहान एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आकडे सांगते, उलटे म्हणा, तोर्गेर:
सात, दोन, नऊ, चार.
चार, मी म्हणालो.
चार, नऊ,
आणि खिडकीत एक समुद्रपक्षी इतका स्वच्छ उभा होता
की उरलेले दोन तो घेऊन उडाला.

त्यांच्यासमोर पिवळी फाईल.
१९८५. मुलगा, वय सहा. रक्ताचा कर्करोग.
डोक्याला किरणं, बारा वेळा.

त्या साली आमच्या वॉर्डात सात खाटा होत्या.
आई अजून नावं घेते: ओड्डवार, शेर्स्ती, धाकटा इवेर...
मग गप्प होते.
तेव्हा प्रश्न एकच होता, पोर राहील का.
शिर सलामत तर पगडी पचास.
शिराच्या आतलं कुणी विचारलं नाही,
आणि का विचारावं?
पंचेचाळिशीत मी काय काय विसरेन याची काळजी करायला
आधी मी पंचेचाळीस व्हायला हवा होतो.

वाचलो.
पण वाचलेलं राहत नाही.
इंगविलच्या उशाशी तेच पान तिसऱ्यांदा,
अस्वल पुन्हा नदीकाठी येतं, पुन्हा टोपी हरवतं.
"बाबा, हे झालं."
झालं का? बरं.

बहीण म्हणते, विसरत कोण नाही, मी रोज चाव्या विसरते.
खरंय.
ती चाव्या विसरते.
मी, तिचं वाक्य संपेपर्यंत, त्याची सुरुवात.

माळ्यावर आईने तो मुखवटा जपून ठेवलाय,
पारदर्शक, सहा वर्षांच्या माझ्या तोंडाचा.
कानांशी निळ्या शाईच्या फुल्या,
टेबलाला आवळायची भोकं.
हलू नकोस म्हणाले होते. मी हललो नव्हतो.
हे मात्र लख्ख आठवतं.

रविवारी इंगविल तो घालून जिना उतरली.
तंतोतंत बसला होता.
आईच्या हातातला कप बशीवर वाजत राहिला.
"बाबा, ओळख, मी कोण?"

ओळखलं होतं मी, पहिल्याच पायरीला.
शब्द यायला वेळ लागला.
ती थांबली, प्लॅस्टिकवर श्वासाचं धुकं धरत.
तिला सवय आहे.