उंडो

पेडण्याच्या लुर्दीनबाईंनी दिला तेव्हा
बाजाराच्या पिशवीत मावला होता.
पांढरा, एका कानावर करपल्यासारखा डाग,
म्हणून नाव उंडो. भट्टीतून काढायला उशीर झालेला पाव.
पिशवी माझ्या हातात देताना बाई म्हणाल्या,
"ल्हान जात. पूण ताका तें सांगूं नाका."

नाही सांगितलं.
शिरोड्याला मिठागराच्या कडेला आमचं घर,
आठवड्याभरात त्याने परसातला अळू उकरला,
नळाचा पाइप उकरला,
आणि ह्यांची हरवलेली चप्पल आणून
ह्यांच्याच पुढ्यात ठेवली.
ती हरवली नव्हती. मीच पुरली होती.

तिन्हीसांजेला आगरातून परतला की
पंजांच्या भेगांत मीठ.
दारात गोड्या पाण्याची परात.
दुसरा पाय धुवावा तोवर पहिला पुन्हा मातीत.
मग खोबरेल. ते चाटू नये म्हणून
त्याला मांडीवर धरून मी बोलत बसायचे काहीबाही,
सुपारीचा दर, बँकेतला नवा साहेब,
वहिनीने चारचौघांत केलेला अपमान.
तोवर तेल मुरायचं.
अपमानही थोडा मुरायचा.

श्रावणात कानात बुरशी.
बुधवारी वेंगुर्ल्याहून डॉक्टर कुडव यायचे,
"कान कोरडा ठेवा," म्हणायचे,
त्यांचीच छत्री आमच्या पडवीत निथळत असायची.
गोचिडी मी चिमट्याने काढायचे, रॉकेलच्या वाटीत टाकायचे,
एकदा सत्तेचाळीस मोजल्या.
तेवढा वेळ तो हलला नाही,
फक्त माझ्या मनगटाला मधूनमधून जीभ लावून बघायचा
की मी अजून आहे ना.

आणि तो बांध.
वैशाख, वाफ्यांत मीठ धरलेलं,
हा घुशीच्या मागे बिळात, बाहेर नुसती शेपटी.
मी शेपटी धरून ओढतेय, तो आतून गुरगुरतोय,
घुशीवर की माझ्यावर, कोण जाणे.
घूस मेली.
रात्रीची भरती त्याच बिळातून आत आली
आणि महादेव रेडकरांचे दोन वाफे
सकाळपर्यंत पुन्हा समुद्र झाले.
रेडकर दारात आले ते भांडायला नाही,
हिशोबाचा कागद घेऊन. ते जास्त लागलं.
ह्यांनी पैसे मोजले. तालुक्याहून साखळी आणली.
साखळी तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी
रेडकरच पुन्हा, चपला न काढता, पायरीखालून,
"कोठीत घुशी झाल्यात. जरा द्याल का ह्याला?"
पैसे परत दिले नाहीत.
बांगडे पाठवले दोन, काटे काढून.

आता चौदा संपली.
कान गेले. बुरशीने की वयाने,
विचारायला कुडवही नाहीत.
डोळ्यांवर पांढुरकं काही,
मीठ धरायच्या आधी पाण्यावर दिसतं तसं.
परवा घूस त्याच्या नाकासमोरून गेली,
सावकाश, मुद्दाम गेल्यासारखी,
आणि हा झोपेत पाय मारत
दुसऱ्याच कुठल्या घुशीमागे.
"रिटायर झाला," हे म्हणाले.
मी हसले नाही.

रात्री भांडी झाली की
नारळाच्या सोडणाला सुंभ बांधते,
पडवीत जुना पत्रा टाकलाय त्यावरून ओढते.
पत्रा थरथरतो. ते पोटाला कळतं त्याच्या.
आधी ती करपलेली पाळी.
मग पुढचे पाय.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग मागचे.
येतो, मानगूट धरतो, तीन झटके,
पडवीभर काथ्या.
कधी मी घूस निसटू देते.
फार सोपं केलं तर त्याला कळेल.

सकाळी काथ्या झाडताना ह्यांना म्हणते,
"कालही एक मारली."
पेपरातून मान वर न करता, "मोठी होती?"
"होती तशी."

आज पत्र्याच्या कडेला
नवं सोडण ठेवलेलं दिसलं,
सुंभ आधीच बांधलेला.
गाठ माझी नाही.