अंशाभ्यस्त

ग्रिम्सबीचं इस्पितळ, बेड नंबर अकरा:
क्लाइव्ह टास्कर, वय एक्क्याऐंशी.
झटका आला तो मेंदूच्या डावीकडे,
आणि जाताना घेऊन गेला
पाणी, चमचा, मुलीचं नाव.
उरले ते फक्त जोडीनं चालणारे शब्द.
भूक लागली की म्हणतो, हॉचपॉच.
चादर गोळा झाली की, हिगल्डी-पिगल्डी.
डॉक्टरांचा घोळका पुढे सरकला
की त्यांच्या पाठीला ऐकू जाईल असं,
मम्बो-जम्बो.

स्पीच थेरपीची बाई मंगळवारी येते.
बाकीच्या रात्री मी.

दोननंतर वॉर्ड निजला की
मी त्याचे शब्द मोबाइलवर निवडत बसते,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
हॉचपॉच: भांडं हलवून हलवून शिजवलेलं,
फ्रेंचांच्या चुलीवरून आलेलं.
म्हणजे भूकच लागली होती म्हाताऱ्याला,
आणि आम्ही लिहिलं, असंबद्ध बडबड.
हॉबनॉब: असो, नसो. घे, नको.
कधी काळी पेल्याला पेला लावताना म्हणायचे,
आता चहात बुडवायचं बिस्किट.
विली-निली: मनात असो, मनात नसो.
निल म्हणून एक क्रियापद होतं, नको म्हणणारं.
ते कधीच मेलं,
या एका शब्दात तेवढं
विलीचं बोट धरून राहिलंय.
हा शब्द टास्कर काढतो
मी त्याची लघवीची पिशवी बदलते तेव्हा.

चाळीसगावला, सातवी ब मध्ये,
खैरनार बाई फळ्यावर लिहायच्या:
शेजारीपाजारी, किडूकमिडूक, दगडबिगड.
पहिला शब्द अर्थाचा, दुसरा नुसता नादाचा.
मी हात वर केला,
बाई, पाजारी कुठे राहतात?
वर्ग हसला. बाईही हसल्या.
उत्तर राहूनच गेलं.

पुढे हर्षलला माशांच्या कंपनीनं बोलावलं
आणि माझ्या व्हिसावर छापून आलं, डिपेन्डन्ट.
तेव्हा पत्ता लागला.

(मग परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाले, नर्स झाले.
गेल्या नोव्हेंबरात कंपनीनं शटर ओढलं.
आता कागदावर पुढे मी,
हर्षल माझ्या मागे, जोडून.
यावर आम्ही घरी फारसं बोलत नाही.)

टास्करच्या कपाटावर एक फोटो आहे.
क्लीथॉर्प्सचा किनारा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा मनोरा,
भोवती वेटोळी घसरगुंडी,
आणि हा, काखेत काथ्याच्या चटयांची चळत.
त्याची जॅनिस सांगते, चाळीस उन्हाळे.
चटई द्यायची, पोर वर पाठवायचं,
खाली येऊन आपटलं की उभं करायचं.
त्या घसरगुंडीला इथे म्हणतात हेल्टर-स्केल्टर.
सगळे जोडशब्द त्याच्या तोंडून निघालेत,
हा मात्र एकदाही नाही.

काल रात्री तोच शोधला.
स्टूल ओढून त्याच्या कानाशी वाचून दाखवला,
माझ्या चाळीसगावी इंग्रजीत:
मिस्टर टास्कर, हेल्टरला काही अर्थ नाही.
स्केल्टरला आहे, म्हणजे असावा, खात्री कुणालाच नाही:
फार जुना कुठलासा शब्द, घाई करणं, पळत सुटणं.
खरा असलाच तर दुसरा खरा.
पहिला नुसता दवंडी पिटत पुढे.

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मग चालणारा हात वर उचलला,
बोट गोल गोल फिरवत पांघरुणापर्यंत खाली आणलं
आणि म्हणाला,
स्केल्टर.

एवढंच. मी थांबले.
मागून दुसरा आला नाही.
चार्टवर लिहिलं: ३.४०, एक शब्द, एकटा.
सकाळी सिस्टर विचारणार, याचा अर्थ काय.

आठ वाजता हर्षल न्यायला आला.
काचेवर दव, हीटर नुकता लावलेला.
काय खाणार, म्हणाला.
मी म्हटलं, कर काहीबाही.
आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत
बघत राहिले बाहीकडे.
तिच्यावर त्याच्या चहाचा डाग.