आटण्याची सूट

आधी पात्र घडवायचं होतं.
पप्पा, नाक कसलं पाहिजे, संयुक्तानं विचारलं.
नाकं सव्वीस होती. डोळ्यांचे रंग, जखमांचे व्रण,
शिंगंसुद्धा होती, कुणाला हवी असली तर.
मी म्हटलं, बोटं?
तिनं यादी खाली सरकवली, वर सरकवली.
बोटं दहाच, म्हणाली. कमी करता येत नाहीत.

राहू दे म्हटलं, दहा तर दहा.
असा मी त्या राज्यात धडधाकट उतरलो,
जातीचा लोहार; नाव तिनंच ठेवलं, उचगावकर.

या खेळात जगं दोन.
एकात जिथं नदी वाहते, दुसऱ्यात तिथं बाजार भरतो.
एकात बुडून मेलेला नावाडी
दुसऱ्यात कांदे विकतो आणि ओळख देत नाही.
मला त्याचं नवल वाटलं नाही.
पुराच्या वर्षी शाहूपुरीच्या पाचव्या गल्लीतनं
मी नावेत बसून गेलोय,
ज्या दुकानातनं पुढं हे मशीन सेकंडहँड घेतलं
त्याच्या पाटीला हात लावत.

जग बदलायचं तर डावीकडचं वरचं बटण
दोन सेकंद दाबून धरायचं.
माझी डावी तर्जनी शिरोलीत बँडसॉनं नेली,
रविवारचा ओव्हरटाइम होता.
मधलं बोट वाचलं, पण पुरतं वाकत नाही.
मग मी पळायचो, हातोडा हाणायचो, दारं उघडायचो
आणि नदी आली की म्हणायचो, संयू.
ती पुस्तकातनं मान वर न काढता
हात लांब करून बटण दाबायची.
नदीचा बाजार व्हायचा.

तिला अभ्यास करू द्या की ओ, आतनं तिची आई.
मी करतो की गं, दोन्ही करतो, म्हणायची पोरगी.
आमच्याकडं पोरी असंच बोलतात.
तिची बारावी अशी गेली,
एक हात रसायनशास्त्रावर,
एक माझ्या दोन जगांच्या मध्ये.

मी पॅटर्न शॉपला असतो. आधी वस्तू लाकडात करायची,
तिचा ठसा वाळूत घ्यायचा, ठशात लोखंड ओतायचं.
लोखंड निवताना आटतं
म्हणून लाकूड शंभराला एक मोठं ठेवतात.
आमची पट्टीच वेगळी, जरा लांब.
तिच्यावरचा इंच शॉपच्या बाहेर कुणी मानणार नाही.
पहिल्या वर्षी मला ही लबाडी वाटायची.
आता वाटतं, त्या जगात निघालेल्या वस्तूला
द्यावी तशी ही वाटखर्ची.

संयूचा नंबर नांदेडला लागला.
स्टँडवर मी तिची बॅग वर टाकली,
तिनं खिडकीतनं हात केला, पाची बोटं.

सात आठवडे उचगावकर नदीच्या काठाला उभा आहे.
बराच वेळ कुणी हलवलं नाही की तो जांभई देतो,
बोटं मोडतो, दहाच्या दहा.
पलीकडं बाजार भरला असणार.
पलीकडं कसला, तिथंच, पाण्याच्या जागी.

एका शनिवारी शॉपला काम कमी होतं.
सागवानाचा एक उरलेला तुकडा घेतला,
बटणावर बसेल असा चाप केला,
तळहातानं रेटला की दाबला जाईल असा.
कुणी विचारलं तर सांगणार होतो, घरच्या कडीसाठी.
माप घेतलं ते सवयीनं शॉपच्याच पट्टीनं.
केसभर मोठा झाला.
दोन हात कानस मारली तर बसेल.

रात्री तिचा फोन आला.
नदी ओलांडलासा काय?
नाही म्हटलं. घाई काय आहे.
मेसचं जेवण, रूममधली एक लातूरची, एक हिंगोलीची,
मग म्हणाली, दसऱ्याला येतो मी.

चाप खणात आहे.
कानस शेजारीच ठेवली आहे.