चौदा नंबरचा पाना

मिस्सा संपता संपता फादर नोटिसा वाचतात.
कोणाची तरी छत्री राहिली आहे, काळी, मूठ तुटलेली.
शनिवारी बंदरावरच्या क्रुसाकडे लदीन.
आणि मग ते पत्र, दर ऑक्टोबरात येणारं:
सुतार हवेत, गवंडी, नर्स, शिक्षक,
बोटीच्या इंजिनाची माहिती असलेला कोणी.
दोन वर्षं. मलावीत, तळ्याकाठी.
लग्न झालेलं असलं तरी चालेल.

पत्र नवीन नाही.
अर्धी चड्डी घालायचो तेव्हापासून ऐकतोय.
आई मुठीत दहा पैसे द्यायची, मिशनच्या डब्यात टाकायला.
एकदा मी ते बोरांवर उडवले,
त्याचं कुमसार अजून केलेलं नाही.
आता डबा नाणं मागत नाही.

बावीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बंदरावर
ट्रॉलरांची इंजिनं खोलतोय,
कान लावून सांगतो कुठे दुखतंय.
त्या रविवारी, शपथेवर सांगतो,
ना देवदूत, ना उजेड.
दूर कुठेतरी एक सिलिंडर मिस मारतोय,
एवढंच ऐकू आलं.
आणि तसं ऐकू आलं की मला झोप लागत नाही,
हा माझा जुना रोग.

"पगार किती गावतलो?"
मासळीबाजारात तेरेझिना.
काही नाही, म्हटलं. जेवण आणि तिकीट.
"मगे जातस कित्याक, मेल्या?"
तिचं बरोबर आहे.
आमच्या घरातून समुद्र ओलांडला तो प्रत्येकाने मनीऑर्डरीसाठी:
बापाने बोटीवर भांडी घासली,
काका कुवेतला वाळूत म्हातारा झाला,
धाकटी बहीण अजून मस्कतला
दुसऱ्यांची मुलं न्हाऊ घालते.
त्यांच्यासाठी कोणी चर्चमध्ये पत्र वाचलं नाही.
त्यांच्यासमोर मी ही बिनपगारी ऐट मिरवू कशी?

आणि आमच्याकडे जे आले होते शतकांपूर्वी,
त्यांच्या हातात क्रूस होता, पाठीमागे तोफा.
त्यांच्यामुळे मी इनास.
नाहीतर कोण असतो, कुणास ठाऊक.
माझ्या पिशवीत चौदा नंबरचा पाना,
दोन नोझल, गॅस्केटच्या कागदाची गुंडाळी.
कोणाला बदलायला नाही चाललो.
दवाखान्याची होडी बंद पडली की
बाळंतिणी काठावर थांबून राहतात.
पत्रात हे एका ओळीत होतं,
छत्रीइतक्याच आवाजात वाचलेलं.

सिसिल दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी पोरीची फी, दुकानाचं भाडं, कौलांचं काम,
सगळं वहीत मांडलं.
हिशेब जमत नव्हता,
तरी खाली रेघ मारली.
मग सोलांची पुडी बॅगेत कोंबत म्हणाली,
"तिथे आमटीत आंबट काय घालतात, विचारून ठेव."

दुकानाची चावी सावळ्याला दिली.
त्याने आधी हात पुसले,
रविवारी ख्रिस्तप्रसादाला मी पुसतो तसे,
काळे ते काळेच राहतात.
विचारलं, "थंय दर्यो आसा?"
तळं आहे रे.
पण पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे.
"मगे दर्योच तो," म्हणाला,
आणि 'माऊलीकृपा'च्या पंपाकडे वळला,
तो सकाळपासून उघडाच पडला होता.