पांढरी लोकर

पुण्याहून येणारी लोकरीची गुंडी संपली.
मागणीपत्र गेलं होतं, उत्तर नव्हतं,
म्हणून मी माहेरची आणली,
पट्टणकोडोलीची, वडिलांनी पिंजलेली,
चारदा धुऊन, तेल काढून, वीत वीत कापून.
वडील म्हणाले, सरकारी कामाला आमची लोकर?
आम्ही सनगर, जन्मात रंगवली न्हाई.
काळी ती मेंढीचीच काळी,
पांढरी ती मेंढीचीच पांढरी.
म्हटलं, तीच पाहिजे.

सोपं असतं तसं.
नमुना पाण्यात कालवायचा, थोडं आम्ल,
दोरा सोडायचा, उकळायचं.
झाडापानाचा रंग दोऱ्याला लागतो थोडा,
धुतला की ओशाळून निघून जातो.
कारखान्यातला बसतो.
बिऱ्हाडच करतो.
नळाखाली धरा, चोळा, पिळा.

मंगळवारी रंकाळ्यावरचं गोळ्याचं सरबत आलं.
नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो,
पण दस्तगीर मुल्लाणी स्वतःच मागोमाग सायकलवरून आला.
"म्याडम, लाल दिसला न्हाई तर पोरं घेत्यात व्हय?
परवा बिनरंगाचा करून बघितला.
एक पोरगं म्हणालं, मामा, ह्यो गोळा आजारी हाय."
मी हसले नाही. नियमात नव्हतं.
दोरा डाळिंबासारखा निघाला.
पण रंग परवानगीतला, आणि मात्रा ब्याण्णव.
शंभरपर्यंत चालतं.
एकशे आठ असतं तर त्याच्या गाडीचं चाक
ऑफिसच्या आवारात उभं राहिलं असतं.
ब्याण्णव आणि एकशे आठच्या मधे
सोळा मावतात,
आणि माझी मुलगी,
जिची जीभ मी रविवारी बघितली होती,
बघून, पुसून, काही बोलले नव्हते.

गुरुवारी गूळ.
चारशे सतरा.
चहाच्या वेळी कुंभोजकर साहेब बोलून गेले, न बोलण्याचं.
गुऱ्हाळ बाबगोंडा चौगुल्यांचं,
जुना गुळव्या, काहिलीवर वाकून
रानभेंडीच्या रसानं मळी काढणारा.
पंचनाम्यावर सही करताना म्हणाला म्हणे,
"पहिलं आधण साधं केलं, तांबूस काळपट.
सौद्यात कोण हात लावंना.
दुसऱ्यात चिमूट टाकली.
उड्या पडल्या, साहेब.
आता चिमटीला पकडा न्हाईतर उडीला."

गुळात शंभर नाही, ब्याण्णव नाही.
गुळात शून्य.
दोरा पिवळा निघाला.
कोडोलीच्या यात्रेत आम्ही लोकर उधळतो,
भंडाऱ्यानं माखते, माणसं माखतात, मेंढरं माखतात,
घरी येऊन झटकलं की उंबऱ्यावर सांडतो.
हा पिवळा सांडत नव्हता.
तीनदा धुतला.
तिसऱ्यांदा उगाच.

अर्जात रकाने आहेत.
रंग, वास, मात्रा, अभिप्राय.
मी 'असुरक्षित' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.
उडीला रकाना नाही.
असता तर तिथं दिवाळीआधीचा एक सोमवार लिहावा लागला असता,
लक्ष्मीपुरीतलं दुकान,
काळपट ढेप हातात घेऊन परत ठेवणारी एक बाई,
"हा नको, तो दाखवा, तो पिवळा,"
तिच्या पिशवीत ऑफिसचं ओळखपत्र.

दोरे खिडकीत वाळत घातलेत.
लाल, पिवळे, एक हिरवा, बडीशेपेचा,
एक कसलाच नाही, घरच्या कोकमाचा,
मीच गंमत म्हणून उकळलेला.
मुलगी म्हणते, बाहुलीला दे.
फाईलला लावायचेत गं, देता येत नाहीत.
मग तो?
तो दिला.
तिने बघितला आणि
टेबलावरच ठेवून गेली.

रात्री वडिलांचा फोन.
लोकर चालली का?
चालली.
रंग धरला का?
धरला, आबा. फार धरला.
पलीकडे जरा वेळ नुसता खोकला.
मग म्हणाले, अजून लागंल तर आत्ताच सांग,
आखाडात कातरणी हाय.